परदेशातील साक्षीदाराची साक्ष दिवाणी दाव्यात कशी नोंदवावी : नव्या वकिलांसाठी आणि पक्षकारांसाठी

वाटपाच्या दाव्यात वडिलांच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणारे शेजारी आता मुलाकडे न्यू जर्सीला कायमचे राहायला गेलेले असतात, किंवा घराच्या विसारपावतीच्या वेळी हजर असलेली बहीण दुबईत नोकरीला असते. अशी अडचण आता तालुक्याच्या न्यायालयांतही वरचेवर येते. पक्षकाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, व्हिडिओ कॉलवर साक्ष चालेल ना?" चालते. अवघड प्रश्न त्यानंतरचा आहे, तो म्हणजे अशा रीतीने नोंदवलेली साक्ष निकाल लिहिताना न्यायाधीश विचारात घेतील का. माझ्या अनुभवात त्याचे उत्तर बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरते : विरुद्ध पक्षाला त्या साक्षीदाराची उलटतपासणी पूर्ण आणि मोकळेपणाने घेता आली की नाही. पुढची प्रत्येक पायरी हा एक मुद्दा डोळ्यांसमोर ठेवून वाचावी.

साक्षीदार कोण, ते आधी ठरवा

सर्वांत जास्त दावे इथेच अडखळतात. वादी स्वतः परदेशात असला की तो भावाच्या किंवा मेहुण्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देतो, मुखत्यार दावा दाखल करतो आणि पुराव्याची वेळ आली की सरतपासणीचे (आपल्याच साक्षीदाराच्या पहिल्या जबानीचे) शपथपत्रही तोच देतो. 'जानकी वाशदेव भोजवानी विरुद्ध इंडसइंड बँक' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले आहे की मुखत्यार स्वतः केलेल्या कृत्यांबद्दल साक्ष देऊ शकतो, मात्र जी गोष्ट केवळ मुखत्यारपत्र देणाऱ्यालाच माहीत आहे त्याबद्दल तो त्याच्या जागी साक्ष देऊ शकत नाही. पैसे कोणी दिले, बोलणी काय झाली, ताबा कधी घेतला, या गोष्टी वादीने स्वतः केल्या असतील तर वादीनेच पिंजऱ्यात यायला हवे, मग तो पिंजरा पडद्यावरचा का असेना. मुखत्यारपत्राने दावा चालवता येतो, स्मरणशक्ती मात्र हस्तांतरित होत नाही. मुखत्यारपत्र परदेशात केलेले असेल तर ते राज्यात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे. हे राहून गेले की ऐन वेळी त्या कागदावरच हरकत येते.

मृत्युपत्राच्या बाबतीत थोडा वेगळा विचार करावा लागतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६७ प्रमाणे मृत्युपत्र पुरावा म्हणून वापरायचे असेल तर त्यावर साक्षांकन केलेला किमान एक साक्षीदार बोलावावा लागतो. मात्र ही अट असा साक्षीदार हयात असेल, साक्ष देण्यास समर्थ असेल आणि न्यायालयाच्या आदेशिकेच्या (समन्ससारख्या हुकमाच्या) कक्षेत असेल तरच लागू होते. परदेशात राहणाऱ्याला येथील समन्स बांधून ठेवू शकत नाही, त्यामुळे तो कक्षेबाहेर आहे, असा युक्तिवाद करून कलम ६८ च्या मार्गाने हस्ताक्षर सिद्ध करण्याचा मोह होतो. मी तो सल्ला देत नाही. जो माणूस व्हिडिओवर अर्ध्या तासात साक्ष देऊ शकतो त्याला बाजूला ठेवून हस्ताक्षराच्या ओळखीवर भिस्त ठेवली, तर मृत्युपत्राभोवतीचा संशय वाढतो, आणि मृत्युपत्राच्या दाव्यात संशय दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावरच असतो. आधी दुसऱ्या साक्षांकन साक्षीदाराचा शोध घ्यावा. तो गावातच असेल तर परदेशाचा खटाटोप करण्याचे कारणच उरत नाही.

साक्षीदार ठरला की त्याचे नाव यादीत घालावे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ प्रमाणे न्यायालयाने वादाचे मुद्दे काढल्यापासून १५ दिवसांच्या आत साक्षीदारांची यादी द्यायची असते. यादीतच परदेशातला पत्ता लिहिला तर पुढे "हे आधी का सांगितले नाही" हा आक्षेप निम्मा मोडतो.

कायद्याचा आधार

'महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल बी. देसाई' या फौजदारी प्रकरणात अमेरिकेतील एका डॉक्टरांची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मान्यता दिली. मुंबईच्या त्या खटल्यातील डॉक्टर भारतात येण्यास तयार नव्हते, व्हिडिओवर साक्ष देण्यास तयार होते. साक्षीदार प्रत्यक्ष खोलीत असलाच पाहिजे असा 'हजेरी'चा अर्थ नाही, हे तत्त्व त्या निकालाने रुजवले. दिवाणी बाजूला कर्नाटक उच्च न्यायालयाने 'ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स' प्रकरणात आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने 'अमिताभ बागची विरुद्ध एना बागची' प्रकरणात अशा साक्षीसाठी कोणती काळजी घ्यावी हे तपशिलात सांगितले. आता भारतीय साक्ष्य अधिनियमात 'पुरावा' या शब्दाच्या व्याख्येतच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिलेल्या निवेदनांचा समावेश आहे. हा अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्या दिवशी जे दावे प्रलंबित होते त्यांना १८७२ चा जुना कायदाच लागू राहतो, म्हणून अर्जात कलम लिहिण्यापूर्वी दाव्याचे वर्ष पाहावे.

महाराष्ट्र आणि गोव्यातील न्यायालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचे २०२२ चे नियम आहेत. ते एकदा पूर्ण वाचून काढावेत. जिल्हा न्यायालयात अजूनही पुष्कळदा त्यांचा उल्लेख न करता केवळ दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५१ (न्यायालयाचे अंगभूत अधिकार) खाली अर्ज होतात, आणि मग आदेशातही आवश्यक त्या सूचना येत नाहीत.

तीन वाटा, आणि त्यांतली कोणती

पहिली वाट कोर्ट कमिशनची, म्हणजे साक्ष नोंदवण्यासाठी न्यायालयाने व्यक्ती नेमण्याची, आणि दुसरी विनंतीपत्राची. संहितेच्या आदेश २६ च्या नियम ५ प्रमाणे परदेशात राहणाऱ्या साक्षीदाराची साक्ष आवश्यक आहे अशी न्यायालयाची खात्री झाली, तर न्यायालय कमिशन नेमू शकते किंवा कलम ७७ प्रमाणे परदेशातील न्यायालयाला विनंतीपत्र पाठवू शकते. तिसरी वाट थेट व्हिडिओची.

विनंतीपत्राची वाट लांबची आहे, तरी एका परिस्थितीत तिला पर्याय नाही : साक्षीदार स्वखुशीने बोलायला तयार नसेल तेव्हा. येथील न्यायालय त्याच्यावर सक्ती करू शकत नाही, त्याच्या देशातले न्यायालय करू शकते. परदेशात पुरावा घेण्यासंबंधीच्या १९७० च्या हेग कराराचा भारत २००७ पासून सदस्य आहे आणि भारताच्या बाजूने मध्यवर्ती प्राधिकरण म्हणून केंद्रीय विधी व न्याय मंत्रालय काम पाहते. अमेरिका आणि ब्रिटन या कराराचे सदस्य आहेत. संयुक्त अरब अमिरातीशी भारताचा दिवाणी व व्यापारी बाबींतील न्यायिक सहकार्याचा १९९९ चा स्वतंत्र करार आहे. विनंतीपत्रात पक्षकारांची नावे-पत्ते, दाव्याचे स्वरूप, साक्षीदाराची माहिती आणि विचारायचे प्रश्न लिहावे लागतात, शिवाय त्या देशाच्या भाषेतले भाषांतर जोडावे लागते. कागद जाऊन परत येण्यात महिनेच्या महिने जातात. शिवाय लेखी प्रश्नावलीवर घेतलेल्या साक्षीत उलटतपासणीचा जीव राहत नाही, कारण पहिल्या उत्तरातून सुचणारा दुसरा प्रश्न विचारायला तिथे आपण नसतो.

साक्षीदार राजी असेल तर व्हिडिओची वाट धरावी. इथे एक सावधगिरी आहे, जी आपल्याकडे जवळजवळ कोणी घेत नाही. साक्षीदार ज्या देशात बसून बोलणार तो देश आपल्या भूमीवर परक्या न्यायालयाचे कामकाज चालवू देतो का, हे आधी तपासावे. अमेरिकेत स्वखुशीने दिलेल्या साक्षीला अडचण नाही. जर्मनीसारख्या देशात मात्र तेथील प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. शंका असेल तर साक्षीदाराने तेथील भारतीय वकिलातीत विचारून घ्यावे आणि मिळालेले उत्तर अर्जाला जोडावे.

अर्ज कसा लिहावा

अर्जापूर्वी विरुद्ध पक्षाच्या वकिलांशी बोलावे. व्हिडिओसंबंधीच्या नियमांचीही तीच अपेक्षा आहे. त्यांनी हरकत नसल्याची पुरसीस (न्यायालयात द्यायचे लेखी निवेदन) दिली तर अर्ज एका तारखेत निकाली निघतो. हरकत असेल तर ती बहुधा "साक्षीदाराला शिकवतील" किंवा "मूळ कागद दाखवता येणार नाही" अशी असते, आणि दोन्हींचे उत्तर अर्जातच देऊन ठेवता येते.

साक्षीदार कोणत्या मुद्द्यावर काय सांगणार, हे अर्जात दोन-तीन वाक्यांत लिहावे. "महत्त्वाचा साक्षीदार आहे" एवढ्याने आवश्यकता सिद्ध होत नाही. तो येथे का येऊ शकत नाही, तेही कागदासह दाखवावे : वैद्यकीय प्रमाणपत्र, व्हिसाची स्थिती, नोकरीचे पत्र. कोठून बोलणार हा मजकूर मात्र सर्वांत नेमका हवा. घरच्या दिवाणखान्यातून साक्ष देण्याची परवानगी मागू नये, जरी काही वेळा ती मिळत असली तरी. भारतीय वकिलात, वाणिज्य दूतावास किंवा न्यायालय मान्य करील अशी तटस्थ जागा सुचवावी आणि साक्षीदाराजवळ समन्वयक म्हणून कोण बसेल, त्याचे नाव आदेशातच यावे अशी विनंती करावी. साक्षीदाराची ओळख पटवणारा कागद, बहुधा पासपोर्टची प्रत, सोबत द्यावी. खर्च कोण भरणार तेही लिहावे. तो अर्जदारानेच भरायचा असतो, आणि न्यायालयाने विचारण्याआधीच तयारी दाखवली तर बरे दिसते.

वैवाहिक दाव्यांत वेगळा विचार लागतो. 'संथिनी विरुद्ध विजया व्यंकटेश' या २०१७ च्या निकालाप्रमाणे समेटाचे प्रयत्न चालू असताना व्हिडिओची परवानगी मिळत नाही. ते फसल्यानंतर दोन्ही पक्षांच्या संमतीने, किंवा न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास, कुटुंब न्यायालय ती देऊ शकते.

सरतपासणीचे शपथपत्र

आदेश १८ नियम ४ प्रमाणे सरतपासणी शपथपत्रावर होते. परदेशात शपथ घ्यायची तर सुरक्षित जागा म्हणजे भारतीय वकिलात किंवा वाणिज्य दूतावास, कारण १९४८ च्या कायद्याने तेथील अधिकाऱ्याला शपथ देण्याचा अधिकार आहे आणि त्याची सही-शिक्का वेगळा सिद्ध करावा लागत नाही. स्थानिक नोटरीपुढे शपथ घेतली असेल तर त्यावर अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून दिलेले सरकारी प्रमाणन) घ्यावे. भारतात अपोस्टिलचा हेग करार २००५ पासून लागू आहे. तरीही परदेशी नोटरीच्या शपथेवर हरकत येऊ शकते. ती मिटवण्याचा साधा उपाय असा : व्हिडिओ जोडल्यावर न्यायालयाने साक्षीदाराला शपथ द्यावी आणि "हे शपथपत्र माझे आहे, त्यावरची सही माझी आहे, त्यातला मजकूर खरा आहे" एवढे त्याच्या तोंडून नोंदवून घ्यावे.

शपथपत्र दाखल झाले म्हणजे काम झाले असे नव्या वकिलांना वाटते. 'अय्यूबखान नूरखान पठाण विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की शपथपत्र देणारा उलटतपासणीसाठी उपलब्ध झाला नाही तर त्या शपथपत्रावर विसंबून राहता येत नाही. म्हणून शपथपत्र पाठवण्यापूर्वीच साक्षीदाराला विचारावे की पुढच्या वर्षभरात, दोनदा किंवा तीनदा, काही तास तो खरोखर देऊ शकेल का. "बघू" असे उत्तर आले तर दुसरा साक्षीदार शोधावा.

कागद : येथेच खरी परीक्षा

माझ्या एका दाव्यात साक्षीदाराकडे करारपत्राची छायाप्रत पाठवली होती, काळ्या-पांढऱ्या रंगातली. उलटतपासणीत विरुद्ध वकिलांनी अगदी सहज विचारले, "तुम्ही सही कोणत्या शाईने केली होती?" समोरची प्रत पाहून साक्षीदार म्हणाला, "काळ्या." न्यायालयातल्या मूळ कागदावरची सही निळ्या शाईत होती. पंधरा वर्षांपूर्वीच्या शाईचा रंग कोणाच्याही लक्षात राहत नाही, पण ते उत्तर रेकॉर्डवर गेले आणि युक्तिवादात मला त्यावर पाऊण तास खर्च करावा लागला. चूक सर्वस्वी माझी होती.

तेव्हापासून मी निशाणी क्रमांक (न्यायालयाने पुराव्यातल्या कागदाला दिलेला क्रमांक) पडलेल्या प्रत्येक कागदाची रंगीत, मूळ आकाराची स्कॅन प्रत, पानांवर सलग क्रमांक टाकून, मोहोरबंद पाकिटात समन्वयकाकडे आधी पाठवतो आणि पाकीट साक्षीच्या वेळीच कॅमेऱ्यासमोर फोडावे अशी सूचना आदेशात मागतो. तोच संच विरुद्ध वकिलांनाही देतो. विरुद्ध पक्षाला उलटतपासणीत अचानक एखादा कागद दाखवायचा असू शकतो, आणि तो त्यांचा हक्क आहे. त्यासाठी समन्वयकाच्या ईमेलवर त्या क्षणी स्कॅन पाठवण्याची आणि तो तिथे छापण्याची सोय हवी. ही सोय आपणच करून ठेवली तर "आम्हाला कागद दाखवता आला नाही" हा आक्षेप उरत नाही. मूळ कागदावरची सही ओळखायची असेल तर तो न्यायालयातल्या कॅमेऱ्याखाली धरून साक्षीदाराला दाखवावा, आणि तसे दाखवल्याची नोंद जबानीत घ्यावी.

साक्षीदार स्वतःच्या मोबाइलमधले संदेश किंवा छायाचित्रे देणार असेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीचे कलम ६३ चे प्रमाणपत्र, जुन्या कायद्यातले ६५-ब, वेगळे लागते. व्हिडिओवर मोबाइल कॅमेऱ्यापुढे धरला म्हणजे तो सिद्ध होत नाही.

वेळ आणि तारीख

सकाळी ११ वाजता न्यायालय सुरू होते तेव्हा दुबईत साडेनऊ वाजलेले असतात आणि सिडनीत दुपार असते, पण न्यू यॉर्कमध्ये उन्हाळ्यात रात्रीचा दीड आणि हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात. कॅलिफोर्नियात तर आदल्या दिवसाची रात्र असते, म्हणजे तारीखच वेगळी. अमेरिकेत मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळे तासाने सरकतात. ब्रिटनमध्ये मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या अखेरीस. आदेशात नेहमी दोन्ही ठिकाणची तारीख आणि वेळ लिहून घ्यावी. अमेरिकेतल्या साक्षीदारासाठी संध्याकाळी ६ नंतरची वेळ सोयीची, पण तेव्हा न्यायालय उठलेले असते. अशा वेळी आदेश १८ नियम ४ खाली कमिशनर नेमून घेणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. कमिशनरला हरकतींवर निर्णय देता येत नाही. आदेश २६ नियम १६-अ प्रमाणे प्रश्न, उत्तर, हरकत आणि हरकत घेणाऱ्याचे नाव तो लिहून ठेवतो आणि निर्णय पुढे न्यायालय देते. विशेषाधिकाराच्या (उदा. वकील-पक्षकारांमधील गोपनीय बोलणे) कारणावरून हरकत आली तर मात्र उत्तर लिहून घेतले जात नाही.

प्रत्यक्ष साक्षीच्या दिवशी

आदल्या दिवशी चाचणी घ्यावीच. न्यायालयातल्या तंत्रज्ञाला आणि समन्वयकाला एकदा जोडून आवाज, कागद छापण्याची सोय आणि पर्यायी दूरध्वनी पाहून घ्यावा.

साक्ष सुरू होताच समन्वयकाने साक्षीदाराची ओळख कागदावरून पटवावी आणि कॅमेरा हळूहळू फिरवून खोली दाखवावी. हा उपचार नाही. एका साक्षीत साक्षीदाराच्या मागे काचेचे कपाट होते आणि त्या काचेत टेबलाच्या अलीकडे बसलेल्या माणसाचे गुडघे दिसत होते. साक्षीदार आमचा होता, गुडघे त्याच्या जावयाचे. त्याला केवळ चहा द्यायचा होता हे खरे असेलही, पण विरुद्ध वकिलांनी ते रोजनाम्यात (न्यायालयाच्या दैनंदिन कामकाजाच्या नोंदीत) नोंदवून घेतले आणि नंतरच्या प्रत्येक बरोबर उत्तरावर त्या गुडघ्यांची सावली राहिली. साक्षीदाराला आधीच सांगावे : खोलीत कोणी नको, मोबाइल समन्वयकाच्या हाती, समोर एकही टिपण नको, आणि कामकाजाचे स्वतःचे रेकॉर्डिंग करायचे नाही, त्याला मनाई आहे.

प्रश्न पूर्ण झाल्यावर दोन क्षण थांबून उत्तर द्यायला शिकवावे, कारण आवाज उशिरा पोचतो आणि दोघे एकदम बोलले की लघुलेखकाच्या हाती अर्धे वाक्य लागते. साक्षीदार इंग्रजीत बोलणार असेल तर पक्षांची हरकत नसल्यास साक्ष इंग्रजीतच नोंदवून घ्यावी. अनुवादात "मला आठवत नाही" आणि "मला माहीत नाही" यांची सरमिसळ फार लवकर होते. जोडणी तुटली तर कोणत्या प्रश्नावर, किती वाजता तुटली आणि परत कधी जुळली, हे लगेच नोंदवून घ्यावे. तुटण्याआधी विचारलेला प्रश्न पुन्हा वाचून दाखवून मगच उत्तर घ्यावे, नाहीतर मधल्या दहा मिनिटांत साक्षीदाराने कोणाला फोन केला हा प्रश्न उभा राहतो.

उलटतपासणी एका दिवसात संपली नाही तर पुढची तारीख साक्षीदार पडद्यावर असतानाच ठरवावी. अर्धवट राहिलेली उलटतपासणी साक्ष पुढे करणाऱ्या पक्षाच्याच अंगावर येते.

साक्ष संपल्यावर

टंकलिखित जबानी साक्षीदाराला पडद्यावर वाचून दाखवावी किंवा समन्वयकाकडे पाठवावी. साक्षीदाराने प्रत्येक पानावर सही करून, समन्वयकाच्या सहीसह, ती डिजिटल स्वाक्षरीने किंवा कुरिअरने परत पाठवायची असते. कुरिअरची पावती जपून ठेवावी. चित्रफितीची मूळ प्रत न्यायालयाच्या अभिलेखात जमा झाली का, हे रोजनाम्यात पाहावे.

कमिशनवर साक्ष झाली असेल तर आदेश २६ नियम ८ लक्षात असू द्यावा. अशी साक्ष विरुद्ध पक्षाच्या संमतीशिवाय वाचायची तर साक्षीदार न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर आहे, मृत आहे किंवा आजारपणामुळे येऊ शकत नाही, असे काही कारण लागते. किंवा न्यायालयाने ते कारण सिद्ध करण्याची अट आपल्या विवेकाने शिथिल केलेली असावी लागते. साक्षीदार युक्तिवादाच्या सुमारास सुट्टीवर गावी आला आणि विरुद्ध पक्षाला ते कळले, तर "आता तो इथेच आहे, प्रत्यक्ष बोलवा" असा अर्ज येऊ शकतो. गणपतीत किंवा दिवाळीत येण्याचा बेत असेल तर तो साक्षीदाराने वकिलाला आधी कळवावा. तो येणारच असेल तर त्याच आठवड्यातली तारीख मागून त्याला सरळ न्यायालयात उभे करता येते, आणि मग वरची बहुतेक खटपट वाचते.